खिळ्यावरची पिशवी आणि तीस किलो चणे

मनमोहन त्रिलोकेकरांच्या दारामागे एक खिळा आहे आणि त्या खिळ्यावर एक पिशवी. जाड कापडाची, एके काळी निळी, बंद दोनदा बदललेले, आणि तळाला त्यांच्या बायकोने, बेबीताईंनी, जुन्या पडद्याचं ठिगळ लावलेलं. त्या ठिगळावर मोर आहे. इतकी वर्षं त्याच्या डोक्यावर रोज कांदे-बटाटे पडत आले, पण मोराने पिसारा काही मिटलेला नाही.

सकाळी साडेआठ वाजता मनमोहनराव ही पिशवी खिळ्यावरून उतरवत. कोर्टात हेडक्लार्क असताना दप्तर उतरवत तशीच, दोन्ही हातांनी. मग गिरगावातल्या त्या अरुंद वाडीतून, कोपऱ्यावरच्या लाकडी क्रुसाला वळसा घालून, मीराबाईच्या भाजीच्या पाटीपाशी पहिला मुक्काम. "कशी दिली?" "दहाला एक, काका." "काल आठला होती." "काल ती काल होती." एवढं झाल्यावर कोथिंबिरीची एक जुडी पिशवीत पडायची आणि वर कढीपत्त्याच्या चार काड्या फुकट. पुढे वाणी, त्याच्यापुढे कोलंबीवाली. दहाच्या सुमारास ते परत यायचे तेव्हा पिशवीत अर्धा बाजार आणि डोक्यात अख्ख्या गिरगावाच्या बातम्या असायच्या.

निवृत्तीनंतर सहा वर्षांत त्यांची कामं एकेक करून सुनेच्या मोबाइलमध्ये राहायला गेली होती. आधी विजेचं बिल गेलं. मग बँकेचं पासबुक गेलं. मग गॅसचा नंबर लावणं गेलं, जे ते फार सुंदर करत. घरात त्यांच्या नावावर उरली होती ती फक्त पिशवी.

आणि एका रविवारी, चहा पिता पिता, अनुजा म्हणाली, "बाबा, एप्रिलचं ऊन बघा किती आहे. कशाला जाता रोज? ॲपवर दहा मिनिटांत येतं सगळं."

अनुजा वाईट मुलगी नाही. सासऱ्यांच्या उन्हाची काळजी तिला खरीच होती. एवढ्यावर थांबली असती तर ही गोष्ट घडलीच नसती. पण ती पुढे म्हणाली, "आणि स्वस्तही पडतं."

मनमोहनरावांनी कप खाली ठेवला. चाळीस वर्षं ज्याने भाजीवाल्यांना घाम फोडला, त्याला त्याच्याच घरात, त्याच्याच कपबशीसमोर, स्वस्त म्हणजे काय ते सांगितलं जात होतं.

"एक महिना दे," ते म्हणाले. "तुझ्या त्या ॲपपेक्षा स्वस्त सामान आणून दाखवतो. नाही जमलं तर पिशवी तुझी."

"मला नकोय हो पिशवी, बाबा."

"मग खिळा उपटून टाकू."

बेबीताई आतून म्हणाल्या, "खिळ्याला हात लावू नका, भिंत पडेल." पण शब्द गेला तो गेला.

ही बातमी वाडीत पोचायला दुपार पुरली. मग जो तो सल्ला घेऊन आला. वरच्या मजल्यावरच्या आनंदीबाई म्हणाल्या, मशीद बंदरात जावा, थयसर हळद बरी गावता. पलीकडच्या तळमजल्यावरच्यांनी सांगितलं की गहू थेट शेतकऱ्याकडून घ्यायचे. शेतकरी मात्र त्यांच्या ओळखीचा एकही नव्हता. खरा रस्ता दाखवला तो एरिकने.

एरिक मिस्किटा समोरच्या लाकडी जिन्याच्या घरात राहतो. दोघांची मैत्री गोट्या खेळण्यापासूनची. पणजोबांपासून एरिकच्या घरात शवपेट्यांचा धंदा. धंदा असा असूनही, किंवा असा आहे म्हणूनच, एरिकइतका आनंदी माणूस वाडीत दुसरा नाही.

"अरे मनू, टेन्शन कशाला घेतो?" एरिक म्हणाला. "लोअर परळला गोदाम क्लब उघडलाय ना. मिलच्या जुन्या शेडमध्ये. तिथे सगळं होलसेल. फक्त मेंबर पायजे."

"थयसर आमचे घोव साचे चालवीत होते," आनंदीबाई गॅलरीतून म्हणाल्या. "आता तांदूळ इकतत?"

"तांदूळ, साबण, टीव्ही, सगळं."

"बरा झाला ते गेले," असं म्हणून आनंदीबाई आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मनमोहनराव इस्त्रीचा शर्ट घालून, आधार कार्डापासून पेन्शनच्या पुस्तकापर्यंत प्रत्येक कागदाच्या दोन-दोन सत्यप्रती घेऊन गोदाम क्लबच्या काउंटरवर उभे राहिले. सलोनी नावाची चुणचुणीत मुलगी बसली होती.

"सर, तुमचा बिझनेस काय?"

"मी निवृत्त आहे."

"ते बिझनेसमध्ये येत नाही, सर. मेंबरशिप दुकानदार, हॉटेल, कॅटरर अशांनाच मिळते. धंद्याचा परवाना लागेल."

मनमोहनरावांनी आयुष्यभर लोकांना "हा कागद चालणार नाही" असं सांगितलं होतं. ते वाक्य समोरून ऐकायला कसं लागतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांनी मनातल्या मनात दोन-तीन पक्षकारांची माफी मागितली आणि घरी आले.

"एवढंच ना?" एरिक म्हणाला. "माझ्याकडे परवाना आहे. तू आमचा परचेस मॅनेजर."

"खोटं लिहून देणार?"

"अरे, कोण बघायला येतोय?"

"मी बघतोय ना!" मनमोहनराव म्हणाले.

बरीच घासाघीस होऊन तोडगा निघाला तो असा. मॅनेजर म्हणून पत्र घ्यायचं तर खरोखरच मॅनेजर व्हायचं. म्हणजे पत्र खोटं राहात नाही. त्यानुसार दर बुधवारी अकरा ते बारा मनमोहनराव मिस्किटा अँड सन्समध्ये बिनपगारी बसू लागले. पहिल्याच बुधवारी एक वयस्कर बाई आल्या, नवरा गेला होता. एरिक मागे होता. पेटीसाठी उंची विचारायची असते हे मनमोहनरावांना माहीत होतं, पण त्यांच्याने विचारवेना. त्यांनी पाणी दिलं, पंखा बाईंकडे वळवला आणि त्यांच्या नवऱ्याला कोणती मासळी आवडायची ते सगळं ऐकून घेतलं. जाताना बाई म्हणाल्या, "देव बरं करो." एरिक डोळे पुसत म्हणाला, "मनू, तू या लाइनमध्ये उशिरा आला रे."

बेबीताईंचं मत वेगळं होतं. "लोक रिटायर झाल्यावर काश्मीरला जातात. हे शवपेट्यांत गेले."

कार्ड आठवड्याने आलं. त्यावर लिहिलं होतं: मनमोहन त्रिलोकेकर, परचेस मॅनेजर, मिस्किटा अँड सन्स, अंत्यविधी सेवा. शेजारच्या फोटोत चेहरा असा पडला होता की धंदा वेगळा लिहायची गरजच नव्हती.

एका मंगळवारी सकाळी ते एरिकच्या व्हॅनमधून निघाले. ही व्हॅन काळी, दोन्ही बाजूंना सोनेरी क्रूस आणि मागे जाळीचे पडदे. एरिक म्हणाला, "टॅक्सीवाला एवढं सामान घेणार नाय. आणि आज गाडी रिकामीच आहे, कोणी गेलं नाय." मनमोहनराव जरा घुटमळले, मग खिळ्यावरची पिशवी छातीशी धरून पुढे बसले.

गोदाम क्लबमध्ये लहान असं काही नव्हतंच. लोणच्याची बरणी नव्हती, बादली होती. तेलाची बाटली नव्हती, पिंप होतं. बिस्किटांचा पुडा मागितला तर खोकं पुढे यायचं. वर पाहावं तो जुन्या गिरणीचं उंच छप्पर, आणि छपरापर्यंत रचलेल्या साबणांच्या भिंती. मनमोहनरावांनी मोराची पिशवी उघडून पाहिली आणि हळूच घडी घालून शर्टाच्या आत ठेवली. तिला लाज वाटू नये म्हणून.

तूरडाळ, तांदूळ, साखर, चहा घेतला, तोवर सगळं ठीक होतं. कागदावर लिहून आणलेलं त्यांनी एकेक करून खोडलं. ॲप हरत होतं. मग धान्याच्या रांगेत समोर काबुली चण्याची उघडी गोण दिसली. टपोरे, एकसारखे, बाळांच्या गोऱ्या कानांसारखे चणे. हात आपोआप गोणीत गेला. एक चणा दाताखाली धरला. माल उत्तम होता. आणि उत्तम माल समोर असताना भाव न करणं म्हणजे मालाचा अपमान, हा त्यांचा जन्माचा नियम.

सलोनी तिथूनच चालली होती. "काय मुली, कसे दिले?"

"सर, भाव पाटीवर आहे."

"पाटीवरचा भाव पाटीला. मला कसे?"

"इथे भाव होत नाही, सर."

"भाव होत नाही असं जगात दुकान नाही."

सलोनी बिचारी सभ्य होती. "म्हणजे किती घेता त्यावर कमी होतो. पाच किलोचा एक पॅक घेतला तर हा रेट. दोन घेतले तर किलोमागे सहा रुपये कमी."

मनमोहनरावांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. पोरगी उतरली होती! पहिल्याच शब्दाला सहा रुपये! इथे थांबेल तो कच्चा खेळाडू. "आणि चार घेतले तर?"

"चारवर अकरा कमी."

"हां. आता आलीस वळणावर. सहा घेतो, शेवटचं बोल."

"सहावर सतरा रुपये कमी होतात, सर. ती शेवटची स्लॅब."

"बघ, होतो की नाही भाव?" मनमोहनराव विजयाने म्हणाले. "बांध."

आयुष्यात एवढा भाव त्यांनी कधी पाडला नव्हता. ज्याच्यावर भाव पडला ते चणे सहा पॅक, म्हणजे एकूण तीस किलो, अख्खी एक गोण होते, ही गोष्ट विजयाच्या भरात बाजूला राहिली. आणि त्रिलोकेकरांच्या घरात काबुली चणे वर्षातून एकदा, मुलाच्या, यतीनच्या, वाढदिवसाला, तेही पाव किलो शिजत, ही तर त्याहून मागे राहिली.

बिलाच्या काउंटरवरच्या पोराने कार्ड टेकवलं, पडद्यावर वाचलं आणि त्याचा चेहरा मऊ झाला. "सॉरी फॉर युअर लॉस, सर."

"लॉस नाही," मनमोहनराव म्हणाले. "फायदा झाला."

पोराने बिल घाईघाईने फाडून दिलं.

वाडीच्या तोंडाशी ती काळी व्हॅन वळली तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. नळाला पाणी होतं, बाया खाली होत्या. एरिकची गाडी वाडीत कधी आत येत नाही. ती बाहेर रस्त्यावरच उभी राहते. आत येते ती एकाच कारणासाठी. त्यामुळे आधी नळावरचा आवाज बंद झाला. मग कोणीतरी चप्पल काढली. इस्त्रीवाल्याने टोपी काढली. गाडी हळूहळू, कारण वाटेत हंडे होते, त्रिलोकेकरांच्या दारासमोर येऊन थांबली.

आनंदीबाईंनी वरून पाहिलं. सकाळी मनमोहनराव याच गाडीतून गेले होते हे त्यांनीच पाहिलं होतं. पण सकाळी गेले ते बसून, आणि आता पडदे ओढलेले.

"अगो बाय माझे!" त्यांनी हंबरडा फोडला. "बेबी गो! काल सांजेक तर माझ्याकडे पापड मागूक इल्ले होते! असो कसो गेलो गो भलो माणूस! जिभेक तिखट होतो, पण मनान लोणी!"

बेबीताई पदराला हात पुसत दारात आल्या. समोर काळी गाडी, माना खाली घातलेली वाडी. त्यांनी दाराची चौकट धरली. तेवढ्यात पुढचं दार उघडून मनमोहनराव उतरले आणि म्हणाले, "अगं, बघत काय उभी? मागचं दार धर, चणे आहेत."

नळाखाली हंडे परत सरकले. मग इस्त्रीवाल्याने टोपी घातली. जाळीच्या पडद्यांमागून आधी अठ्ठेचाळीस साबण निघाले, मग तेलाचे दोन डबे, मग तांदळाची गोण, आणि शेवटी चौघांच्या खांद्यावरून चणे आले. ज्यांनी खांदा दिला त्यांत दोघेजण नळावर अंघोळीला आलेले होते. ते परत अंघोळीला गेले.

बेबीताईंनी चौकट सोडली. त्या आत गेल्या, थोडा वेळ स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या, मग डोळे पुसून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या तोंडाला जरा लगाम असता तर मी आज रडले असते." गॅलरीतून आनंदीबाई ओरडल्या, "भावजी, मी जा काय बोल्लंय ता परत घेतंय! लोणी बिणी काय नाय!"

संध्याकाळी अनुजाने कामावरून आल्यावर सगळं तपासलं. बराच वेळ ती मोबाइल आणि बिल आळीपाळीने बघत होती. मग तिने प्रामाणिकपणे हात जोडले. "बाबा, जिंकलात तुम्ही. तीन महिन्यांचं सामान आलंय. आता तीन महिने बाजारातून काही आणायला नको."

मनमोहनराव मंद हसले. त्या बोलण्याचा शेवटचा भाग त्यांच्या कानात शिरायला रात्र जावी लागली.

सकाळी साडेआठला त्यांनी दोन्ही हातांनी पिशवी उतरवली. "काय आणू?"

"काही नको," बेबीताई म्हणाल्या. "सगळं आहे."

"साखर?"

"पोतंभर आहे."

"भाजी?"

"चणे आहेत की."

"कोलंबी तरी..."

बेबीताई वळल्या. त्रिलोकेकर पाठारे प्रभू. कोलंबीवाचून आठवडा गेला तर या घराण्यात माणसं एकमेकांची तब्येत विचारू लागतात. पण बेबीताईंचा आवाज लोखंडासारखा होता. "चणे संपल्याशिवाय या घरात कोलंबी यायची नाही."

पिशवी पुन्हा खिळ्यावर गेली. मनमोहनरावांनी पेपर वाचला. मग तोच पेपर मागून पुढे वाचला. मग खिडकीत उभं राहून पाहिलं तर वाडीच्या तोंडाशी मीराबाई पाटीवर पाणी शिंपडत होती, आणि तिच्यासमोर कुणीतरी परका माणूस घासाघीस न करता भेंडी घेत होता. तो दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी ते पिशवीशिवायच बाहेर पडले. हात कुठे ठेवायचे ते कळेना. आधी मागे बांधले, मग पुढे. मीराबाईने विचारलं, "काका, बरं नाही का? पिशवी कुठाय?" ते म्हणाले, "सगळं आहे घरात." इतकं उदास "सगळं आहे" मीराबाईने कधी ऐकलं नव्हतं. तिने कढीपत्त्याच्या चार काड्या त्यांच्या हातात दिल्या. न घेतलेल्या कोथिंबिरीवरचा कढीपत्ता. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरून घरी आणला.

शर्यत ते जिंकले होते आणि जिच्यासाठी लावली ती सकाळच हरून बसले होते. ॲपने तरी रोज दहा मिनिटं घेतली असती.

आता एकच उपाय होता. चणे संपवायचे. चणे गेले की कोलंबी येईल, कोलंबी आली की पिशवी उतरेल. साधा हिशेब. मनमोहनरावांनी बेबीताईंचे स्टीलचे डबे काढले, ज्यांच्यावर बेबीताईंचं माहेरचं नाव कोरलेलं आहे, प्रत्येकात किलोकिलो चणे भरले आणि वाडीत वाटून आले. आनंदीबाईंना एक, एरिकची बायको सेसिलिया हिला एक, तळमजल्यावर एक, इस्त्रीवाल्याला एक. सगळ्यांनी तोंडभर कौतुक केलं. मनमोहनराव त्या संध्याकाळी शीळ घालत होते.

पण एक गोष्ट ते विसरले. आपल्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आनंदीबाईंचा डबा आला. त्यात मालवणी वाटपाची चण्याची उसळ. साडेअकराला तळमजल्यावरून आले छोले. सेसिलियाने तिच्या बाटलीतल्या लाल मसाल्यात चणे रांधून वर पावाची लादी पाठवली. इस्त्रीवाल्याच्या बायकोने चणे भाजून तिखट-मीठ लावून दिले. संध्याकाळी अनुजाने, सासऱ्यांना मदत म्हणून, मोबाइलवर बघून त्यांची पांढरी चटणी वाटली. चार किलो गेले ते पाच तऱ्हेने ताटात परत आले. चौथ्या दिवशी यतीन ताटाकडे बघून म्हणाला, "बाबा, हे त्याच चण्यांचं आहे की नवीन आहेत?" आणि वर नियम असा की आलेला डबाही रिकामा परत द्यायचा नाही. बेबीताईंनी त्यात काय घालावं? घरात होतं तेच घातलं.

डबे फिरत राहिले. आनंदीबाई गॅलरीत चणे निवडता निवडता जात्यावरच्या जुन्या चालीत रचून गाऊ लागल्या:

दारी उतरली गोण, तिच्यात मोत्याचा गं दाणा
किती वाटू शेजारा, घरी येतो पुन्हापुन्हा

खालून नळावरच्या बायांनी दुसरी ओळ उचलली. मनमोहनरावांनी खिडकी लावून घेतली.

मे महिना लागला. गोणीत पंचवीस किलो शिल्लक होते. बेबीताईंनी मूठभर चणे उन्हात धरून पाहिले आणि म्हणाल्या, "आठ दिवसांत यांना टोके पडतील, सगळे पोखरून टाकतील. मग तुमच्या त्या एरिककडूनच पेटी मागवा, ह्यांच्यासाठी." "ह्यांच्यासाठी" म्हणजे चण्यांसाठी की कुणासाठी, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही.

बुधवारी मनमोहनराव दुकानात ड्यूटीवर बसले तेव्हा सेसिलिया हातात यादी घेऊन आली. कोपऱ्यावरच्या क्रुसापुढे दर मे महिन्यात संध्याकाळची प्रार्थना असते. वाडीतले ख्रिस्ती येतात, लग्न होऊन लांब गेलेल्या मुली येतात, आणि हिंदू घरं तर पिढ्यान्‌पिढ्या मेणबत्त्या लावतातच. प्रार्थना झाली की सगळ्यांना द्रोणातून...

"...चणे," सेसिलिया यादी वाचत म्हणाली. "उकडलेले. खोबरं घालून. एरिक, यंदा माणसं वाढलीत, वीस-पंचवीस किलो तरी लागतील. कुठून आणायचे?"

मनमोहनराव खुर्चीवरून उठले. पन्नास वर्षं ते त्या क्रुसापुढे उभं राहून तेच उकडलेले चणे खात आले होते. पन्नास वर्षं! आणि घरात गोण ठेवून वाडीभर डबे फिरवत बसले होते! "सेसिलिया," ते म्हणाले, "परचेस मॅनेजर कशाला ठेवलाय मग?"

एरिकने थोडा विरोध केला. "आमच्या बापजाद्यांनी काळे चणे वाटले रे. हे गोरे चालतील काय?"

"तुझ्या बापजाद्यांना कोणी गोरे फुकट दिले नव्हते," सेसिलिया म्हणाली आणि विषय मिटला.

प्रार्थनेच्या आदल्या दिवशी दुपारी चणे भिजत घातले. गोणीतले सगळे, पंचवीस किलो. आता, भिजलेला चणा दुप्पट होतो हे बेबीताईंना माहीत होतं, सेसिलियाला माहीत होतं, आनंदीबाईंना माहीत होतं. ज्याला माहीत नव्हतं त्यानेच "दोन पातेली पुरेत" असं सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत चण्यांनी झाकणं उचलली. दारातल्या पायऱ्यांवरून टप टप चणे उतरू लागले. मग वाडीत पळापळ. आनंदीबाईंचा गणपतीतला टोप आला, तळमजल्याचं अंघोळीचं नवं कोरं घंगाळ आलं, लग्नाच्या आंदणातले हंडे माळ्यावरून खाली उतरले. एरिक हळूच म्हणाला, "दुकानात झिंकचं अस्तर लावलेली एक पेटी आहे. नवीन आहे, थेंब गळत नाय." सेसिलियाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बराच वेळ दिसला नाही.

मनमोहनराव मात्र इथे कामाला आले. कुणाचं भांडं कुणाकडे जाईल याचा घोळ होणार हे ओळखून त्यांनी प्रत्येक भांड्याच्या कानाला दोरा बांधला, दोऱ्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि सही, आणि मालकाला पावती. सव्वीस भांडी, सव्वीस पावत्या. "कोर्ट सुटलं पण मनूच्या अंगातून सुटलं नाय," परत आलेला एरिक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी वाडीत तीन मोठ्या शेगड्या पेटल्या. चणे शिजले. नुसत्या वाफेनेच वाडीला सणाचा वास आला. क्रुसाला झेंडूच्या माळा चढल्या. आणि तेव्हा सेसिलिया कमरेवर हात ठेवून म्हणाली, "फोडणीचं काय? ओलं खोबरं पायजे, लिंबं पायजेत, मिरची, कोथिंबीर. एवढं सगळं आता कोण आणणार?"

अनुजा नुकतीच कामावरून आली होती. तिच्या हातात मोबाइल होता. तिने तो उघडला. तिच्या बोटाखाली लिंबं होती, कोथिंबीर होती, दहा मिनिटं होती. मनमोहनराव घराच्या दारात उभे होते, हात पुढे बांधून, मग मागे बांधून. अनुजाने वर पाहिलं. ते कुणाकडेच बघत नव्हते. ते वाडीच्या तोंडाकडे बघत होते.

अनुजाने मोबाइल पर्समध्ये टाकला. "यात लिंबं दिसतात, पण रसाची कुठली आणि सालीची कुठली ते कळत नाही. ते बाबांनाच कळतं."

बेबीताईंनी पदर कमरेला खोचला. त्या आत गेल्या, दारामागे हात घातला आणि खिळ्यावरची पिशवी काढून आणली. तळाचं ठिगळ जरा उसवलं होतं ते त्यांनी कधीतरी गुपचूप शिवलेलं होतं. मोर परत ताठ बसला होता. पिशवी नवऱ्याच्या हातात देत त्या म्हणाल्या, "नारळ वाजवून घ्या. मिरची लवंगी नको, पोरं आहेत. आणि..." त्यांनी आवाज खाली आणला. "उद्या कोलंबी जरा मोठी बघा."

त्या संध्याकाळी क्रुसापुढे मेणबत्त्या लागल्या. प्रार्थनेचा सूर वाडीच्या दोन्ही भिंतींवर चढत गेला आणि गॅलरीत आनंदीबाईंनी, तो आपलाच असल्यासारखा, त्यात हात जोडून सूर मिसळला. मग द्रोण फिरले. खोबरं, लिंबू, कोथिंबीर घातलेले गोरे चणे लोक दोन-दोनदा मागून घेत होते. पहिल्या बुधवारी दुकानात आलेल्या त्या वयस्कर बाईही आल्या होत्या. त्यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "ह्यांना आवडले असते." मनमोहनरावांनी त्यांचा द्रोण पुन्हा भरला. सगळी पातेली रिकामी झाली, सव्वीस पावत्या परत आल्या, आणि यंदा नियम मोडून सव्वीस भांडी रिकामीच परत गेली. कुणाचीच तक्रार नव्हती.

सकाळी साडेआठला मनमोहनरावांनी दोन्ही हातांनी पिशवी उतरवली. क्रुसाला वळसा घातला. मीराबाई पाटीवर पाणी शिंपडत होती. त्यांना बघून तिने हातातला डबा खाली ठेवला.

"कोथिंबीर कशी दिली?"

"दहाला एक, काका. दोन घ्या, पंधराला देते. स्वस्त पडेल."

मनमोहनरावांनी जुडी उचलली, हुंगली, पाणी झटकलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी स्वतःहून कमी होणारा भाव नाकारला.

"नको," ते म्हणाले. "एकच दे. दुसरी न्यायला उद्या येतो."